काट्यावरची भाकर

लातूरच्या औसा रोडला, वस्ती विरळ होत जाते तिथं, भागवत सरांची मुलींची धावण्याची अकादमी होती. अकादमी म्हणजे पत्र्याची दोन शेड, एक बोअर, शेजारच्या माळावर चुन्यानं आखलेली गोल वाट आणि स्वयंपाकघराच्या दारात आडतीवरनं मोडीत आणलेला, पोती मोजायचा काटा. पाटी मात्र मोठी होती. पाटीवर सरांचा पंचवीस वर्षांपूर्वीचा फोटो होता. गालफडं बसलेली, छातीवर नंबर, गळ्यात पदक.

पंचशीलाबाई तिथं दीड वर्षापासून स्वयंपाकाला होत्या. मूळच्या लोह्याकडच्या. नवरा साहेबराव इथं डाळ मिलवर वॉचमन लागला म्हणून आल्या, आणि येताना आईचा बिडाचा तवा घेऊन आल्या. तवा परातीएवढा. एसटीत साहेबरावांनी तो सगळा रस्ता मांडीवर धरला होता आणि अजूनही गुडघा दुखला की त्या तव्याचं नाव काढायचे. अकादमीतला तवा चपातीचा, हलका, भाकर टाकली की कडेला कच्ची आणि मध्ये काळी. तेव्हा बाईंनी आपला तवा आणून शेगडीवर चढवला.

पहिल्याच महिन्यात एका पोरीच्या बापानं विचारलं होतं, "स्वयंपाकाला कोण हाय? आडनाव काय त्यांचं?" आडनाव ऐकून तो पोरीची बॅग भरायला लागला. भागवत सर त्याला गेटपर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले, "पोरगी न्यायची तर न्या. बाई राहणार." "नऊ भाकरी थापायच्या त्या आठच थापायच्या. माझे हात वाचले," पंचशीलाबाई एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी पीठ जरा जोरात मळलं गेलं, आणि सरांची ती गोष्ट त्यांनी मनात जपून ठेवली.

सरांचा वचकही तसाच होता. ज्वारीचं पोतं आलं की ते दुकानाच्या माणसाला हलू देत नसत. पोतं काट्यावर चढवायला लावायचे, चष्मा कपाळावर सरकवून आकडा बघायचे. "पन्नासचं पोतं. एकोणपन्नास दोनशे. बाकीची ज्वारी रस्त्यात चिमण्यांनी खाल्ली का?" माणूस गयावया करायचा. सर पोतं परत धाडायचे.

दर सोमवारी पहाटे त्याच काट्यावर आठ पोरी चढायच्या.

भिंतीवर वेळापत्रक होतं. पाच वाजता धावणे. सातला लिंबूपाणी. दहाला वरणभात. संध्याकाळी पुन्हा धावणे. रात्री एक भाकर आणि भाजी. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, हलकं शरीर, लांब पल्ला. सोमवारी आकडा कमी आला की सर टाळी वाजवायचे आणि बाकीच्यांनाही वाजवायला लावायचे. वाढला तर काही बोलायचे नाहीत, नुसतं वहीकडं बघायचे. पोरींना ते बोलण्यापेक्षा वाईट वाटायचं. रविवारी दुपारनंतर त्या पाणी पीत नसत. काट्यावर चढायच्या आधी कानातलं काढायच्या, केसांचा चाप काढायच्या. रेणुका नावाच्या पोरीनं तर एका सोमवारी कमरेपर्यंतची वेणीच कापून टाकली. दीडशे ग्रॅम. त्या दिवशी तिला सगळ्यांत मोठी टाळी मिळाली, आणि दुपारी ती वेणी मांडीवर घेऊन बसली होती.

आठांत पुढं होती ऋतुजा. निलंग्याकडची, शेतकऱ्याची पोर, सतरा वर्षांची, दहा किलोमीटर पळणारी. तिची फी सरांनी माफ केली होती. पळायला लागली की पायाचा आवाज यायचा नाही. तिची आजी चतुराबाई दर महिन्याला एसटीच्या कंडक्टरबरोबर तिळाच्या लाडवांचा डबा धाडायची, आणि डबा सरांच्या कपाटात कुलपात जायचा. "स्पर्धा झाली की देतो," सर म्हणायचे. कपाटात असे पाच डबे झाले होते.

आता नांदेडची निवड स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. ऋतुजाचं वजन त्रेचाळीस. सरांना बेचाळीस पाहिजे होतं.

एके दिवशी तवा पुसायला जुनं फडकं हवं म्हणून पंचशीलाबाईंनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं कपाट उघडलं. गेल्या पावसाळ्यात कुठल्याशा संस्थेच्या बायकांनी पोरींसाठी पॅडची चार खोकी दिली होती, ती तिथं होती. किल्ली बाईंकडंच. सुरुवातीला पोरी लाजत लाजत मागायच्या. बाईंनी मोजलं. साडेतीन खोकी जशीच्या तशी, एकात उंदरानं घर केलेलं.

आठ पोरी, सहा महिने, अर्धं खोकं.

मागायला कुणी येत नाही हे त्यांना आधी कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. पण बरंच झालं, पळणाऱ्या पोरींच्या मागची कटकट गेली, असंच त्यांना वाटलं होतं. रेणुकाही तेच म्हणाली. "मोठ्या पोरी सांगून गेल्यात, मावशी. सराव अंगात मुरला की थांबतं."

"सराव मुरतो?" पंचशीलाबाई म्हणाल्या. "माझी थांबली पंचेचाळिसाव्या वर्षी. मी कुठं मुरले होते? तुझी कामून थांबावी गं सतराव्या वर्षी?"

रेणुका हसली. बाई हसल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी ऋतुजा शेडच्या पायऱ्या आडव्या अंगानं, एकेक पाय टेकवत उतरताना दिसली. बाईंनी तिला शेगडीजवळ बसवलं, तेल घेतलं आणि पाय चोळायला लागल्या. पोटरीला काही नाही, गुडघ्याला काही नाही. नडगीवर, आतल्या बाजूला, एका जागी अंगठा टेकला आणि पोरीनं ओठ दाबून धरले. चार बोटं खाली, काही नाही. पुन्हा त्या जागी, पुन्हा ओठ.

"किती दिवस झाले?"

"महिना." मग हळूच म्हणाली, "सरांना नका सांगू, मावशी. माझी जागा जाईल."

रविवारी सुट्टी असायची. सरांना "लोह्याला घरी चालले, पोरीलाबी दाखवून आणते गाव" असं सांगून पंचशीलाबाईंनी नांदेडची एसटी पकडली. नांदेडात त्यांची भाची महामाया हाडांची डॉक्टर होती, भावाची लेक. गाडीनं अहमदपूर सोडलं तशी बाईंनी पिशवीतून भाकर, कारळाची चटणी आणि उकडलेली दोन अंडी काढली. ऋतुजानं एक अंडं हातात घेतलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

"खा की माय."

"उद्या सोमवार आहे, मावशी."

लोहा आलं आणि गेलं. घर दिसलं नाही, पण बाईंनी सवयीनं त्या बाजूला बघितलं. अंडं अजून पोरीच्या हातातच होतं, कोमट झालेलं, धरून ठेवलेल्या चेंडूसारखं.

महामायानं एक्स-रे काढला, त्यात काही दिसेना. मग ओळखीनं एमआरआय. बाहेर येऊन तिनं पोरीला पाणी दिलं, पेरूची फोड दिली आणि दोघींना आपल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं.

"हाडाला चीर आहे," ती म्हणाली. "पडून झालेली नाही. रोज थोडं थोडं झिजतंय आणि भरून निघत नाही. आल्यापासून जय भीमही घातला नाहीस, आत्या, अशी काय बघतेस?"

"जय भीम. भरून कामून निघंना?"

"खायला नाही म्हणून. घरात दाणे कमी पडले की आपण काय करतो? आधी सणाचं गोडधोड बंद, मग नवं लुगडं बंद, मग गळकं छप्पर तसंच राहतं. अंगही तेच करतं. आधी पाळी बंद केली, आता हाडाची डागडुजी बंद केली. अजून पळवलं तर हाड तुटेल. मग पळणं सोड, चालणंही वर्षभर नको होईल."

ऋतुजानं विचारलं, "मग मी कधी पळू?"

"आठ आठवडे नाही. नंतर हळूहळू. आणि ऐक, सराव पळताना होत नाही. पळताना अंग मोडतं. ते पुन्हा बांधलं जातं ते पळून आल्यावर, जेवणात आणि झोपेत. पळून आलीस की अर्ध्या तासात पोटात काही गेलं पाहिजे. दूध-केळं, अंडं, गूळ-शेंगदाणे, जे असेल ते. लिंबूपाण्यानं हाड सांधत नाही."

"आणि रात्री? भाकरी किती?" पंचशीलाबाईंनी विचारलं.

"भूक थांबेपर्यंत."

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "दीड वर्ष मीच वाढून राहिले गं हिला. एक भाकर. दुसरीला हात केला की परात मागं घ्यायचे. सरांचा हुकूम म्हणून."

ऋतुजा म्हणाली, "तुम्ही कडेची जाड भाकर मला द्यायच्या, मावशी. मला कळायचं." त्यानं बाईंना जास्तच मेल्यासारखं झालं. परतीच्या गाडीत मात्र पोरीनं अंडं खाल्लं. दोन्ही खाल्ली.

सरांनी डॉक्टरचा कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"डॉक्टरला कागद लिहायला काय लागतं. पंचशीलाबाई, मी पायाला फडकं बांधून पळलोय. घरात दोन दोन दिवस चूल पेटत नव्हती, तसा उपाशी पळलोय. त्या फोटोतलं पदक उपाशीपोटी आणलंय मी."

"माहीत हाय, सर."

"मग?"

"तुम्ही उपाशी होता म्हणून न्हाई जिंकलात. उपाशी होता तरी जिंकलात. पोटभर असता तर कुठं गेला असता, कुणाला ठाव."

सरांच्या तोंडावर काहीतरी हललं आणि पुन्हा बसलं. या माणसानं भुकेला शिस्त म्हणायला सुरुवात केली होती, नाहीतर ती नुसती भूक राहिली असती, हे बाईंना त्या क्षणी कळलं. कळलं म्हणून राग गेला नाही. दया आली आणि राग तसाच राहिला, दोन्ही एका ताटात.

"नांदेडला ऋतुजा पळणार," सर म्हणाले. "नाही पळली तर तिची जागा दुसरीला. आणि जेवण वेळापत्रकाप्रमाणे. एक भाकर."

"बरं," पंचशीलाबाई म्हणाल्या. "एक भाकर."

त्या रात्री त्यांनी पाणी जास्त उकळलं. पिठाचा गोळा घेतला तो नेहमीच्या दुप्पट, नीट मळला, परातीत थापायला लागल्या. थाप पडत गेली, भाकर फिरत गेली, परातीच्या कडेला टेकली तेव्हा थांबल्या. दोन्ही हातांवर उचलून बिडाच्या तव्यावर टाकली. वरून पाण्याचा हात फिरवला. उलटली तेव्हा भाकर अशी फुगली की रेणुकानं "आई गं" म्हणून ताट मागं घेतलं.

"नियम एक भाकरीचा हाय," बाई म्हणाल्या. "केवढी, ते भिंतीवर लिहिलेलं न्हाई. माझा तवा मोठा, त्याला मी काय करू?"

पोरी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि आठच्या आठजणी भाकरीवर तुटून पडल्या. शेंगदाण्याची चटणी, वर तेल. सकाळी पळून आल्यावर लिंबूपाण्याच्या भांड्याशेजारी गूळ-शेंगदाण्याचं ताट असायला लागलं. वेळापत्रकात ते नव्हतं, पण तिथं नको असंही लिहिलेलं नव्हतं. ऋतुजा पळत नव्हती. माळाच्या कडेला खुर्ची टाकून बाकीच्यांच्या फेऱ्या मोजायची, आणि सर तिच्याकडं न बघता शेजारून जायचे.

रविवारी घरी साहेबराव म्हणाले, "ज्या माणसानं तुझ्यासाठी त्या बापाला गेट दाखवलं, त्याच्याशी वैर घेऊन राहिलीस तू."

"वैर कुठलं? सैपाक करून राहिले."

"नोकरी जाईल."

"तर तवा तुमच्या मांडीवर देते. धरा पुन्हा."

सोमवारी सगळ्यांचे आकडे वर गेले. सर वहीकडं बघत राहिले, मग काट्याकडं, काटा बिघडला का म्हणून स्वतः चढून उतरले. रात्री जेवणाच्या वेळी न सांगता स्वयंपाकघरात आले. तव्यावर भाकर होती.

"हे काय आहे?"

"एक भाकर, सर."

सरांना हसू आलं असतं, पण ते आलं नाही. सगळ्या पोरी ऐकतील अशा आवाजात ते म्हणाले, "पुढच्या सोमवारी जिचा आकडा वहीतल्या आकड्याच्या वर, तिनं बॅग भरायची. ऋतुजा, तू रविवारी नांदेडला पळतेस. तुला बेचाळीस. उद्यापासून तवा लहान."

लहान तवा त्यांनी स्वतः काढून ओट्यावर ठेवला. बाईंनी तो घासला, पुसला आणि खिळ्याला अडकवला. शेगडीवर आपलाच चढवला.

तो आठवडा ऋतुजाचा वाईट गेला. तीनदा तिनं निम्मी भाकर ओढणीत बांधली आणि तीनदा बाईंनी ती पाहून न पाहिल्यासारखं केलं. शनिवारी पोरगी शेगडीजवळ येऊन बसली.

"मावशी, मी उद्या पळाले तर?"

"पाय तुझा, बाई. मी कोण सांगणार?"

"जिंकेन मी."

"जिंकशीलबी."

"मग?"

पंचशीलाबाईंनी विस्तव कमी केला. "मग पुढच्या वर्षी कोण पळंल? तुझा फोटो पाटीवर लावतील. पाटीवरचं माणूस पळत न्हाई, नुसतं लटकून राहतं."

ऋतुजानं आपल्या नडगीवर हात ठेवला. मग ओढणीची गाठ सोडली, कालची वाळकी भाकर काढली आणि तिथंच, कोरडीच, खायला लागली. बाईंनी तिच्यापुढं चटणी सरकवली.

रविवारी नांदेडची गाडी ऋतुजाशिवाय गेली. तिनं सरांना समोर उभं राहून सांगितलं, "मी नाही पळणार, सर." सर दोन दुसऱ्या पोरींना घेऊन गेले, रात्री घेऊन आले. कुणाचाही नंबर आला नव्हता.

सोमवारी पहाटे सर वही घेऊन काट्याशी उभे होते. आठ पोरी रांगेत. कानातली कुणी काढली नव्हती, आणि रविवारी सगळ्या पोटभर पाणी प्यालेल्या. आतून भाकरीचा वास येत होता. पहाटे पाचला भाकर ही त्या जागेच्या इतिहासात पहिल्यांदाच.

"ऋतुजा," सर म्हणाले.

ऋतुजा आत गेली. सरांना वाटलं, बॅग आणायला गेली. ती बाहेर आली तेव्हा हातात अख्खी भाकर होती, तव्याएवढी, वाफाळती, मध्ये चटणीचा गोळा. तशीच ती काट्यावर चढली. काटा थरथरला आणि चव्वेचाळीस सहाशेवर थांबला.

"भाकर खाली ठेव."

"ठेवते, सर." तिनं घास मोडला आणि तोंडात घातला. आकडा तोच. दुसरा घास. आकडा तोच. भाकर हातातून पोटात चालली होती आणि काट्याला त्याचं काही घेणंदेणं नव्हतं. रेणुकाला हसू आवरेना. आखूड केसांवर हात दाबून ती आत पळाली.

"खाली उतर, ऋतुजा."

"संपू द्या, सर. अजून सहा आठवडे पळायचं नाही मला. खायला वेळच वेळ आहे. जागा दुसरीला द्यायची तर द्या. दीड महिन्यानं मी रस्त्यावर पळेन. रस्त्याला फी नसते."

सर वळले. "पंचशीलाबाई, हे तुमचं काम."

पंचशीलाबाई दारात आल्या, पिठाचे हात तसेच. आवाज चढवला नाही. "हाव. माझंच. सर, तुम्ही माझ्यासाठी एकदा गेट उघडलं, ते मी विसरले न्हाई. म्हणून दीड वर्ष तुमचा हुकूम पाळला आणि पोरींच्या पोटाचं मापात पाप केलं. आता ऐका. ह्याच काट्यावर पोतं आठशे ग्रॅम कमी भरलं तर तुम्ही दुकानदाराला शिव्या घालून परत धाडता. पोरगी तीन किलो कमी भरली की टाळी वाजवता. पोत्याला काय पळायचंय? पोरीला पळायचंय."

माळावरून टिटवी ओरडत गेली. सरांनी वही उघडली, त्यात काहीतरी शोधल्यासारखं केलं, मिटली.

"उद्यापासून येऊ नका तुम्ही," ते म्हणाले. आवाज मात्र गेटपर्यंत गेला नसता.

"बरं. तवा घेऊन जाईन, माझा हाय. पण आज अजून सहा भाकरी व्हायच्यात, त्या करूनच जाईन. आणि ते लाडवाचे पाच डबे काढा कपाटातून. चतुराबाईनं काय कुलपाला धाडले होते?"

ऋतुजानं शेवटचा घास खाल्ला, बोटं चाटली आणि काट्यावरून उतरली. दुखरा पाय आधी टेकवला नाही, चांगला टेकवला. आकडा शून्यावर आला आणि क्षणभरच तिथं राहिला, कारण आतून हातात भाकर घेऊन रेणुका काट्यावर चढायला बाहेर आली होती, आणि तिच्यामागं बाकीच्या सहाजणी आपापल्या भाकरीसाठी स्वयंपाकघराच्या दाराकडं वळल्या होत्या. सर मध्येच उभे होते, म्हणून त्या त्यांना वळसा घालून गेल्या.

सरांच्या खिशात कपाटाची किल्ली होती. हात खिशात गेलेला पंचशीलाबाईंनी पाहिला. तो बाहेर येतो का हे बघायला त्यांना सवड नव्हती, तव्यावरची भाकर उलटायची वेळ झाली होती.